एकच रेझ्युमे सगळीकडे पाठवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरीविषयक पानांवर अधूनमधून रेझ्युमेचे नमुने छापून येतात. त्यांचा सगळा भर मांडणीवर असतो: डावीकडे रंगीत पट्टा, वर गोलात बसवलेला फोटो, कौशल्यांपुढे पाचपैकी चार तारे. वाचणाऱ्याला वाटते, हा साचा मिळाला की निम्मे काम झाले. भरतीच्या टेबलापलीकडे बसून हेच कागद रोज चाळणाऱ्या आम्हा काही जणांचे मत वेगळे आहे. मांडणीमुळे अर्ज मागे पडल्याचे क्वचितच दिसते. तो मागे पडतो, कारण जाहिरातीत जे विचारले त्याचे उत्तर त्यात सापडत नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी हा कागद वाचला कसा जातो ते सांगतो. पहिल्या चाळणीत एका रेझ्युमेच्या वाट्याला मिनिटही येत नाही. नजर ठरावीक जागी जाते: आताचे पद, संस्थेचे नाव, तारखा, त्याआधीचे पद, शिक्षण. वाचणाऱ्याच्या डोक्यात प्रश्नही मोजकेच असतात. हे काम या उमेदवाराने केले आहे का? किती मोठ्या प्रमाणावर? अलीकडे, की दहा वर्षांपूर्वी? पदवी, परवाना किंवा पाळीत काम करण्याची तयारी अशी जी अट आहे, ती पूर्ण होते का? या प्रश्नांची उत्तरे पहिल्या पानाच्या वरच्या भागात मिळाली तर पुढचे वाचले जाते. दुसऱ्या पानाच्या तळाशी असली तर ती असून नसल्यासारखीच.

लिओनार्दो दा विंचीने १४८२च्या सुमारास मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याच्यासाठी केलेल्या अर्जाचा मसुदा आजही उपलब्ध आहे. त्यात हलके, वाहून नेता येतील असे पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातले पाणी काढण्याची युक्ती, तोफा, झाकलेल्या गाड्या अशी कलमे एकामागून एक येतात. शिल्प आणि चित्रकला अगदी शेवटी. चित्रकार म्हणून तो कमी होता असे कोण म्हणेल? पण समोरच्याला त्या घडीला गरज होती ती युद्धाच्या साधनांची. आजचे उमेदवार नेमके उलट करतात: स्वतःला जे सर्वांत प्रिय ते वर, आणि जाहिरात देणाऱ्याला हवे ते जमेल तिथे.

तेव्हा सुरुवात कोऱ्या साच्यापासून न करता जाहिरातीपासून करावी. तिचा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घ्या. अटी दोन गटांत लावा: ज्यांच्याशिवाय चालणार नाही त्या, आणि असल्या तर बऱ्या अशा. प्रत्येक अटीपुढे स्वतःच्या कामातला एक पुरावा लिहा. पुरावा सापडत नसेल तिथे जागा मोकळी ठेवा. अत्यावश्यक अटींपैकी एखाद-दुसरी मोकळी राहिली तरी अर्ज जरूर करावा, कारण सगळ्या अटी पूर्ण करणारा उमेदवार मिळतोच असे नाही. निम्म्याहून अधिक मोकळ्या राहिल्या तर तो वेळ दुसऱ्या जाहिरातीला द्यावा.

दर वेळी शून्यापासून लिहायला नको म्हणून एक मूळ फाइल जवळ ठेवा. ती कोणालाही पाठवायची नाही. तिच्यात आजवरचे प्रत्येक काम, प्रकल्प, प्रशिक्षण, आकडा, तारीख सगळे असू द्या. पाच-सहा पाने झाली तरी बिघडत नाही. अर्ज करताना त्यातून त्या जाहिरातीला लागू पडणारे तेवढेच उचलायचे, क्रम बदलायचा, पदांची आणि साधनांची नावे जाहिरातीत जशी आहेत तशी करून घ्यायची. मूळ फाइल चांगली असेल तर हे अर्ध्या तासाचे काम आहे. जाहिरातीत ‘खरेदी’ असेल आणि तुमच्या कागदावर ‘प्रोक्युअरमेंट’, तर माणूस समजून घेईल. अर्जांतून शब्द शोधणारे यंत्र घेईलच असे नाही. संक्षिप्त नाव आणि पूर्ण नाव दोन्ही एकदा तरी लिहावे, ते याचसाठी.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे कामाविषयीची ओळ. रेझ्युमे उभा राहतो किंवा पडतो तो इथे. भांडारपालाच्या पदासाठी आलेल्या अर्जांत हमखास दिसणारे एक वाक्य घ्या: ‘गोदामातील साठा व्यवस्थापनाची जबाबदारी यशस्वीरीत्या सांभाळली.’ यातून काय कळले? जबाबदारी होती हे पदाच्या नावावरूनच समजते. ‘यशस्वीरीत्या’ तर सगळेच लिहितात. या वाक्याला काही प्रश्न विचारा. किती वस्तू होत्या? हाताखाली किती माणसे? नोंद वहीत होती की संगणकावर? काय बिघडत होते? तुम्ही काय बदललेत? बदलल्यानंतर काय झाले? उत्तरे एकत्र केली की ओळ अशी होते: ‘सुमारे १,२०० वस्तूंचा साठा व ४ मदतनीसांचे काम पाहिले. दर शनिवारी १०० वस्तूंची प्रत्यक्ष मोजणी सुरू केली. नोंद आणि प्रत्यक्ष साठा यांतली तफावत वर्षभरात ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आली.’

ही ओळ वाचताना जाणकार माणूस मनातल्या मनात हिशेब करतो. बाराशे वस्तू, आठवड्याला शंभर, म्हणजे बारा आठवड्यांत प्रत्येक वस्तू एकदा मोजून होते. वर्षात चार फेऱ्या. तफावत कमी झाली ती कशामुळे, हे आपोआप पटते. नुसता ‘४ टक्क्यांवरून १ टक्का’ लिहिला असता तर तो आकडा अधांतरी राहिला असता. म्हणून आकड्याबरोबर रीतही लिहावी. उलट, हिशेब जुळला नाही तर मुलाखतीतला पहिला प्रश्न तोच असतो, आणि तिथे अडखळलेल्या उमेदवाराच्या बाकीच्या ओळींकडेही संशयाने पाहिले जाते.

आकडे फुगवण्याचा मोह मोठा असतो. ‘ग्राहकसंख्येत १०० टक्के वाढ’ असे लिहिणाऱ्याला आधी किती होते असे विचारले की दोनाचे चार झाल्याचे निघते. पाया लहान असेल तर टक्के देऊच नयेत, सरळ संख्या द्यावी. नेमका आकडा आठवत नसेल तर ‘सुमारे’ लिहावे. संस्थेची गुप्त माहिती असेल, म्हणजे उलाढाल किंवा ग्राहकांची नावे, तर रकमेऐवजी प्रमाण लिहावे आणि नावाऐवजी ‘औषधनिर्मिती क्षेत्रातील एक ग्राहक’ असे वर्णन करावे. जुन्या मालकाची गुपिते कागदावर मांडणारा उमेदवार नव्या मालकाला नको असतो.

‘आमच्या कामात आकडे नसतात’ ही तक्रार स्वागतकक्ष, कार्यालयीन साहाय्य, अध्यापन अशा कामांतले उमेदवार करतात. असतात, फक्त ते नफा-तोट्याचे नसतात. दिवसाला किती फोन, किती वर्गांना शिकवले, वर्गात किती मुले, महिन्याला किती बिले तपासली, किती नव्या माणसांना काम शिकवले, उत्तर देण्याची मुदत किती होती. तेही नसेल तर व्याप्ती लिहावी: ‘तीन विभागांचे प्रवासाचे आरक्षण एकहाती पाहिले.’

चमूतल्या कामाबद्दल एक सूचना. ‘प्रकल्पात सहभाग होता’ ही ओळ फार दुबळी आहे, आणि सगळे श्रेय स्वतःकडे ओढणारी ओळ धोक्याची आहे. ‘सहा जणांच्या चमूत चाचणीचा भाग माझ्याकडे’ एवढ्यात दोन्ही टळते. क्रियापदे नेमकी वापरा: बसवले, तपासले, शिकवले, ठरवले, कमी केले. आताच्या नोकरीसाठी वर्तमानकाळ, आधीच्यांसाठी भूतकाळ. हे दोन्ही एकाच परिच्छेदात मिसळले की जुन्या फाइलवर घाईघाईने ठिगळ लावल्याचे लगेच दिसते.

वरच्या बाजूला ‘करिअरचे ध्येय’ म्हणून जी तीन ओळींची इच्छा लिहिली जाते, ती काढून टाकली तर कोणाचेही नुकसान होणार नाही. ‘आव्हानात्मक वातावरणात माझ्या कौशल्यांचा उपयोग करून संस्थेच्या प्रगतीबरोबर स्वतःची प्रगती साधणे’ हे वाक्य कोणत्याही माणसाच्या कोणत्याही अर्जावर चिकटवता येते. त्या जागी दोन-तीन ओळींचा सारांश हवा: कोण आहात, किती वर्षे, कोणत्या क्षेत्रात, आणि या पदासाठी सर्वांत जड असा एक पुरावा. ‘खाद्यप्रक्रिया उद्योगात ७ वर्षे गुणवत्ता तपासणी. प्रयोगशाळा व उत्पादन दोन्हीकडे काम. गेली २ वर्षे ५ तपासनीसांची पाळी सांभाळतो.’ बस्स. हा सारांश सगळ्यात शेवटी लिहावा. खालचे सगळे ठरल्यावर तो सोपा जातो.

क्रमाबाबत फार वाद नको. ताजी नोकरी आधी, जुनी नंतर, हाच क्रम वाचायला सोपा. केवळ कौशल्यांचे गट करून नोकऱ्या आणि तारखा शेवटी ढकलण्याची एक पद्धत सांगितली जाते. आमच्या मते ती टाळावी, कारण ती पाहताच काहीतरी झाकले जात असल्याचा वास येतो. क्षेत्र बदलणाऱ्यांनी सारांशाखाली तीन-चार लागू पडणारे पुरावे द्यावेत आणि मग नेहमीच्या क्रमाने जावे. ताज्या नोकरीला चार ते सहा ओळी, त्याआधीच्यांना दोन-तीन, पंधरा वर्षांपूर्वीच्या कामाला पद, संस्था आणि वर्षे एवढे पुरे. एकाच संस्थेत बढत्या मिळाल्या असतील तर संस्थेचे नाव एकदाच लिहून खाली पदे द्या. वेगवेगळी लिहिली तर घाईत वाचणाऱ्याला नोकऱ्या बदलल्यासारख्या वाटतात. कंत्राटदारामार्फत काम केले असेल तर दोन्ही नावे द्या, नाहीतर पूर्वीच्या नोकरीची पडताळणी करताना ‘असा माणूस आमच्या पटावर नव्हता’ असे उत्तर येते. संस्था अपरिचित असेल तर ती काय करते हे अर्ध्या ओळीत सांगा.

लांबी किती? आठ-दहा वर्षांपर्यंतच्या अनुभवाला एक पान, त्यापुढे दोन. संशोधन आणि विद्यापीठीय पदांचा सविस्तर वृत्तान्त वेगळा. तिथे प्रकाशनांची पूर्ण यादी अपेक्षितच असते. एका पानात बसवण्यासाठी अक्षर ८ पॉइंटचे करणे हा उपाय नव्हे. मजकूर साडेदहा ते साडेअकरा पॉइंट, चारही बाजूंना २ सेंटिमीटर समास, अगदीच अडले तर दीड. त्यात बसत नसेल तर ओळी कापा.

नवख्या उमेदवारांनी शिक्षण वर घ्यावे आणि प्रकल्पाला नोकरीसारखे लिहावे. प्रकल्पाचे नुसते शीर्षक देऊन भागत नाही. प्रश्न काय होता, साधने कोणती, तुमचा वाटा कोणता, शेवटी काय चालले आणि काय चालले नाही, हे तीन ओळींत येऊ द्या. सुट्टीत दुकानात किंवा शिकवणीत केलेले काम कमीपणाचे समजून गाळू नका. वेळेवर येणे, पैसे हाताळणे आणि लोकांशी बोलणे या तिन्हींचा तो पुरावा असतो.

कौशल्यांच्या तारकांविषयी आधी लिहिलेच आहे. ‘एक्सेल: ८० टक्के’ याचा अर्थ कोणालाच सांगता येत नाही, उरलेले २० टक्के कोणते? त्याऐवजी ‘एक्सेल: पिव्होट टेबल, व्हीलुकअप, मासिक अहवालाची मॅक्रो’ असे लिहा. भाषांपुढे वाचणे, लिहिणे, बोलणे यांपैकी काय येते ते लिहा. ‘मेहनती, प्रामाणिक, चटकन शिकणारा’ ही विशेषणे तर गाळाच. तुम्ही चटकन शिकता हे वरच्या एखाद्या ओळीतून दिसले पाहिजे.

नोकरीतल्या खंडाची भीती अवाजवी असते. बाळंतपण, आजारपण, घरातल्या कोणाची सेवा, शिक्षण, कपातीत गेलेली नोकरी, काहीही असो, एक साधी ओळ पुरते: ‘२०२१–२०२२: कौटुंबिक जबाबदारीसाठी विराम, याच काळात टॅलीचा अभ्यासक्रम पूर्ण.’ तपशील देण्याची गरज नाही. गोंधळ होतो तो लपवण्यामुळे. काही जण महिने गाळून नुसती वर्षे लिहितात. ‘२०१९–२०२०’ म्हणजे दोन वर्षे असू शकतात किंवा डिसेंबर ते जानेवारी असे दोन महिने, हे भरतीवाल्याला ठाऊक असते. महिना आणि वर्ष लिहा, सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा, आणि लिंक्डइनवरच्या तारखांशी ताडून पाहा.

आता फाइलविषयी, कारण इथे चांगले उमेदवार विनाकारण मार खातात. बऱ्याच मोठ्या संस्थांत अर्ज आधी एका सॉफ्टवेअरमध्ये जातो. हे यंत्र परस्पर बहुतेकांना नापास करते, अशी दंतकथा पसरली आहे. बहुतेक वेळा ते मजकूर उपसून साठवते आणि भरती करणारा त्यात शब्द टाकून शोधतो. आपोआप बाद होण्याचे प्रकार मुख्यतः अर्जातल्या ‘परवाना आहे का?’ अशा हो-नाही प्रश्नांच्या उत्तरांवर घडतात. पण मजकूर नीट उपसला गेला नाही तर शोधात तुमचे नाव येणारच नाही. दोन स्तंभांची मांडणी कधी कधी ओळीला ओळ जोडून वाचली जाते आणि डावीकडचा फोन नंबर उजवीकडच्या पदाच्या मध्ये घुसतो. पानाच्या शीर्षपट्टीत किंवा तळपट्टीत ठेवलेला संपर्क काही यंत्रांना दिसत नाही. तक्ते आणि मजकुराच्या चौकटी यांचेही तेच.

तपासणी एका मिनिटाची आहे. आपली पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. नाव, फोन, पदे, तारखा योग्य क्रमाने आल्या तर ठीक. काहीच निवडता आले नाही तर ती फाइल म्हणजे नुसता फोटो आहे. कागद स्कॅन करून पाठवणाऱ्यांचे हे होते. मराठीत लिहिलेला रेझ्युमे युनिकोडपूर्व, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी दिसणारी आजची अक्षरपद्धत येण्याआधीच्या, जुन्या फॉन्टमध्ये असेल तर नोटपॅडमध्ये रोमन अक्षरांचा अर्थहीन चुरा उमटतो. तो युनिकोडमध्ये बदलून घ्या. जाहिरातीतले शब्द पांढऱ्या अक्षरांत दडवून यंत्राला फसवण्याची क्लृप्ती काही जण करतात. मजकूर उपसल्यावर रंग उरत नाही, ते शब्द भरतीवाल्यासमोर उघडे पडतात.

आणखी एक बारीक जागा. पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडली की टॅबवर फाइलचे नाव न दिसता बऱ्याचदा दस्तऐवजाचे आतले शीर्षक दिसते. मित्राची फाइल घेऊन त्यावर लिहिले असेल तर तिथे मित्राचे नाव झळकते. वर्डमध्ये फाइल, इन्फो, प्रॉपर्टीज इथे जाऊन टायटल बदला. ट्रॅक चेंजेस, म्हणजे दुरुस्त्यांच्या खुणा, स्वीकारून बंद करा, शेरे पुसा. फाइलला ‘फायनल नवीन २’ असे नाव न देता आडनाव, नाव आणि पद असे द्या. शेकडो फाइलींच्या फोल्डरमध्ये तीच सापडते.

काय लिहू नये? मागितले नसताना जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, धर्म, वडिलांचे नाव, पूर्ण पत्ता, ओळखपत्रांचे क्रमांक, आताचा पगार यांपैकी काहीही नको. ओळखपत्रांचे क्रमांक तर अजिबात नकोत. रेझ्युमे किती जणांकडून किती जणांकडे फिरतो याला सुमार नाही आणि खोट्या जाहिराती देऊन हीच माहिती गोळा करणारेही असतात. फोटो काही देशांत चालतो, काही देशांत मुद्दाम टाळला जातो. जाहिरातीत मागितला तरच लावा. ‘वरील माहिती खरी आहे’ हे निवेदन आणि ‘संदर्भ मागितल्यास देऊ’ ही ओळ दोन्ही जागा खातात. संदर्भ देणाऱ्यांना मात्र आधी विचारून ठेवा आणि पद कोणते ते सांगा.

लेखनसाहाय्य करणाऱ्या एआय साधनांचा वापर आता सर्रास दिसतो. शुद्धलेखन तपासायला, लांब वाक्य तोडायला ती उपयोगी आहेत. पण ‘माझा रेझ्युमे प्रभावी कर’ म्हटले की ती तुम्ही न केलेली कामे आणि न मोजलेले टक्के बिनदिक्कत भरतात, आणि एकाच पदाच्या अर्जांत तीच ती गुळगुळीत वाक्ये येऊन पडतात. साधनाने लिहिलेल्या प्रत्येक ओळीपुढे ‘हे मी दोन मिनिटे सांगू शकेन का?’ असे विचारा. उत्तर नाही असेल तर ओळ खोडा.

पाठवण्यापूर्वी छापून मोठ्याने वाचा, खालून वरही वाचा. कागदावर लिहिलेला फोन नंबर त्या कागदावरूनच फिरवून पाहा; एक आकडा चुकल्यामुळे गेलेल्या संधीचा पत्ताही लागत नाही. मग कामाशी संबंध नसलेल्या कोणाला तरी वीस सेकंद कागद दाखवा, काढून घ्या आणि हा अर्ज कोणत्या पदासाठी आहे ते विचारा. सांगता आले नाही तर वरचा भाग पुन्हा लिहायचा. ईमेलच्या विषयात पदाचे नाव आणि जाहिरातीचा क्रमांक हवा, आणि सोबतच्या चार ओळींच्या पत्रात संस्थेचे नाव बरोबर हवे. आधीच्या अर्जातले नाव तसेच राहून गेलेली पत्रे इतकी येतात की आता त्याचे हसूही येत नाही.

शेवटी आपल्याकडे एक मागणी. जाहिरातीचे उत्तर द्यायचे तर जाहिरातीत प्रश्न असावा लागतो. ‘होतकरू उमेदवार पाहिजेत, आकर्षक वेतन’ एवढ्यावर कोणीही नेमका अर्ज लिहू शकत नाही, आणि मग आम्हीच तक्रार करतो की सगळे रेझ्युमे सारखे येतात. जाहिरात स्वीकारताना आपल्या विभागाने चार गोष्टींचा आग्रह धरावा: कामाचे एका वाक्यात वर्णन, अत्यावश्यक आणि इष्ट अटी वेगवेगळ्या, वेतनाची कक्षा, आणि अर्ज कोणत्या स्वरूपात पाठवायचा ते. जाहिरातदार शब्दांमागे पैसे मोजतो हे मान्य. तरी यातल्या पहिल्या दोन गोष्टी छापल्या तरी अर्जदारांची आणि अर्ज वाचणाऱ्यांची बरीच फुकट मेहनत वाचेल.

आपले,
नोकरभरतीच्या कामातील काही वाचक